आपण हिमयुगात आहोत, मग ‘पृथ्वी तापतेय’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न थोडक्यात असा: पृथ्वीच्या इतिहासात बहुतेक काळ ध्रुवांवर बर्फ नव्हताच, आणि भूवैज्ञानिकांच्या मते आपण आजही हिमयुगातच आहोत. मग दीड-दोन अंशांच्या तापमानवाढीचा एवढा गवगवा कशासाठी?

या प्रश्नातली दोन्ही विधानं बरोबर आहेत. त्यांवरून निघणारा निष्कर्ष मात्र चुकतो, कारण त्यात तीन वेगळी घड्याळं एकाच भिंतीवर टांगली आहेत: कोट्यवधी वर्षांचं, हजारो-लाखो वर्षांचं आणि शतकाचं. प्राचीन हवामानाचा कुठलाही आकडा पाहिला की तो यांपैकी कोणत्या घड्याळावरचा आहे हे आधी विचारायचं. तेवढं केलं तरी या विषयातले निम्मे वाद मिटतात.

आधी व्याख्या. भूवैज्ञानिक काळात पृथ्वीची ‘थंड अवस्था’ आणि ‘उष्ण अवस्था’ ठरते ती खंडांवर मोठ्या, कायमच्या हिमचादरी आहेत की नाहीत यावरून. डोंगरमाथ्यावरच्या हिमनद्या किंवा हिवाळ्यातला बर्फ त्यात धरत नाहीत. आज अंटार्क्टिका आणि ग्रीनलँड या दोन हिमचादरी आहेत. दोन्ही पूर्ण वितळल्या तर समुद्रपातळी सुमारे ६५ मीटरने वाढेल. म्हणजे व्याख्येप्रमाणे आजची पृथ्वी थंड अवस्थेत, भूवैज्ञानिकांच्या अर्थाने हिमयुगात, आहे. ही अवस्था सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावर बर्फ साठू लागला तेव्हा सुरू झाली. उत्तर गोलार्धातल्या मोठ्या हिमचादरी फार उशिरा आल्या, सुमारे २७ लाख वर्षांपूर्वी.

या थंड अवस्थेच्या आत आणखी एक लय चालते. हिमानी काळात बर्फ खंडांवर पसरतो, आंतरहिमानी काळात मागे हटतो. बोलीभाषेत ज्याला ‘हिमयुग’ म्हणतात, मॅमथ आणि लोकरी गेंड्यांचं, तो शेवटचा हिमानी काळ. त्याचा कळस २६,५०० ते १९,००० वर्षांपूर्वीच्या दरम्यान होता. तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरहून जास्त खाली होता आणि कॅनडा व स्कँडिनेव्हियावर किलोमीटरच्या मापात मोजावा असा बर्फ होता. जगाचं सरासरी तापमान मात्र औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या तुलनेत फक्त ५ ते ७ अंशांनी कमी होतं. हा आकडा नीट लक्षात ठेवावा. शिकागोच्या जागी बर्फ आणि शिकागोच्या जागी शहर, यांत सरासरीचा फरक सहा अंशांचा आहे. एखाद्या गावात दिवस-रात्रीच्या तापमानात पंधरा अंशांचा फरक पडतो, ही वेगळी गोष्ट आहे. संपूर्ण ग्रहाची वार्षिक सरासरी हलायला प्रचंड ऊर्जा इकडची तिकडे व्हावी लागते. गेल्या ११,७०० वर्षांचा होलोसीन हा आंतरहिमानी काळ आहे, आणि शेती, लिपी, शहरं हे सगळं त्याच्या पोटातलं आहे.

मोठ्या थंड अवस्था मोजक्याच झाल्या. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेली ह्युरोनियन, ७२ ते ६३ कोटी वर्षांच्या दरम्यानची क्रायोजेनियन, जी या सगळ्यांत भयंकर, ४४.५ कोटी वर्षांपूर्वीची ऑर्डोव्हिशियनच्या अखेरची, अल्पायुषी पण सागरी जीवांचा मोठा संहार करून गेलेली, ३६ ते २६ कोटी वर्षांच्या दरम्यानची गोंडवन खंडावरची, आणि आपली. मधला बहुतेक काळ उष्ण. क्रिटेशसमध्ये, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी, दक्षिण ध्रुवापासून हजारभर किलोमीटरवर समशीतोष्ण वर्षावन होतं. त्याची मुळं, परागकण आणि बीजाणू पश्चिम अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळातून काढलेल्या गाळात जसेच्या तसे सापडले. इओसीनमध्ये, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी, कॅनडाच्या एल्समेअर बेटावर, आर्क्टिक वृत्ताच्या खूप आत, मगरींच्या कुळातले प्राणी आणि आखूड सोंडेचे टॅपिर राहत होते.

आता ही अवस्था बदलते कशामुळे? ग्रहाच्या तापमानाचा हिशेब तीन गोष्टींवर चालतो: सूर्याकडून किती ऊर्जा येते, त्यातली किती परावर्तित होते, आणि उरलेली बाहेर जाताना वातावरण किती अडवून धरतं.

सूर्याचं आधी उरकून घेऊ. सूर्य जन्मला तेव्हा आजच्या सुमारे ७० टक्केच तेजस्वी होता आणि तेव्हापासून साधारण ११ कोटी वर्षांना एक टक्का या गतीने तेजाळत आला आहे. म्हणूनच ‘ऑर्डोव्हिशियनमध्ये कार्बन डायऑक्साइड आजच्या कितीतरी पट होता तरी हिमयुग आलं’ हा मुद्दा दिसतो तेवढा जोरदार नाही. तेव्हाचा सूर्य सुमारे ४ टक्के मंद होता, त्यामुळे बर्फ जमण्याचा उंबरठाही कार्बन डायऑक्साइडच्या बऱ्याच वरच्या पातळीवर होता. दोन काळांची तुलना करताना सूर्याची ही दुरुस्ती न करणं ही सर्वांत नेहमी दिसणारी चूक आहे.

पण सूर्य एवढा बदलला, तरी चारशे कोटी वर्षं समुद्र बहुतांशी द्रव राहिला. याचं श्रेय खडकांना. १९८१ मध्ये वॉकर, हेज आणि कास्टिंग यांनी मांडलेली ही यंत्रणा या विषयाचा कणा आहे, म्हणून ती नीट उलगडतो.

ज्वालामुखी कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. तो पावसात विरघळून सौम्य कार्बनिक आम्ल बनतं. हे आम्ल बेसाल्ट, ग्रॅनाइट अशा सिलिकेट खडकांना झिजवतं. त्यातून कॅल्शियम आणि बायकार्बोनेट नद्यांवाटे समुद्रात जातात. तिथे जीव त्यांचं कवच करतात, कवचं तळाशी साचून चुनखडी होते, आणि कार्बन खडकात बंद होतो. हा झिजण्याचा वेग तापमान आणि पावसाबरोबर वाढतो. हवा तापली की खडक जास्त झिजतात, कार्बन जास्त ओढला जातो, हवा थंड होते. थंड झाली की झीज मंदावते, ज्वालामुखींचा कार्बन हवेत साठतो, पुन्हा ऊब येते.

इथे एक तपशील बहुतेक ठिकाणी चुकतो. सगळीच झीज कार्बन काढून घेत नाही. चुनखडी झिजली तर हवेतला कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू खर्च होतो, पण समुद्रात पुन्हा चुनखडी बनताना तोच रेणू परत हवेत येतो. हिशेब शून्य. सिलिकेट झिजताना दोन रेणू खर्च होतात आणि एक परत येतो. म्हणजे निव्वळ एक रेणू कायमचा बाहेर. म्हणून ‘डोंगर उंचावला की हवा थंड होते’ असं सरसकट म्हणता येत नाही. तो डोंगर कोणत्या खडकाचा आहे, कोणत्या अक्षांशावर आहे आणि त्यावर पाऊस किती पडतो, हे पाहावं लागतं. उष्ण, पावसाळी पट्ट्यात उघडा पडलेला बेसाल्ट सर्वांत भुकेला.

आणि या यंत्रणेला वेळ किती लागतो? समुद्र, हवा आणि जीवसृष्टीत मिळून सुमारे ४०,००० अब्ज टन कार्बन आहे. ज्वालामुखींमधून वर्षाला सुमारे ०.१ अब्ज टन येतो, आणि दीर्घकाळात झीजही तेवढाच काढते. भागाकार केला की ४ लाख वर्षं येतात. खडकांचा हा हात खात्रीचा आहे, पण तो पोहोचतो लाखो वर्षांनी. आज जीवाश्म इंधनांतून वर्षाला सुमारे १० अब्ज टन कार्बन हवेत जातो, ज्वालामुखींच्या सुमारे शंभर पट.

मग कोटी वर्षांच्या घड्याळावर पृथ्वी एका अवस्थेतून दुसरीत जाते ती ज्वालामुखींचं देणं आणि खडकांचं घेणं यांचा समतोल वेगळ्या पातळीवर जाऊन बसतो म्हणून. समुद्रतळ वेगाने पसरत असेल, खंडांच्या कडेला ज्वालामुखींच्या लांब रांगा असतील, तर समतोल उष्ण बाजूला. पाणथळ जंगलांचा कोळसा होऊन कार्बन गाडला जात असेल किंवा विषुववृत्ताजवळ ताजा डोंगर उभा राहत असेल, तर थंड बाजूला. गोंडवन हिमयुगात या दोन्ही थंड गोष्टी एकाच वेळी घडत होत्या. हिमालय आणि तिबेटच्या उंचावण्याने आजची थंड अवस्था आली, ही रेमो आणि रडिमन या भूवैज्ञानिकांची मांडणी प्रसिद्ध आहे. माझ्या मते ती अर्धी बरोबर आहे. झीज नुसती वाढत राहिली असती तर काही दशलक्ष वर्षांत हवेतला सगळा कार्बन संपला असता. घडलं असावं ते असं की खडक झिजायला सोपे झाले आणि तेवढीच झीज कमी कार्बनवर, कमी तापमानात होऊ लागली.

‘ध्रुवावर खंड आला की हिमयुग येतं’ हेही अपुरं आहे. क्रिटेशसमध्येही अंटार्क्टिका ध्रुवावरच होती, आणि तिच्यावर जंगल होतं.

यंत्रणा तुटायला आली तर काय होतं हे क्रायोजेनियनमध्ये दिसतं. खुला समुद्र पडणाऱ्या प्रकाशाचा दहावा हिस्साही परत पाठवत नाही. ताजा बर्फ आठ दशांश परत पाठवतो. म्हणून बर्फ वाढला की पृथ्वी आणखी थंड होते आणि आणखी बर्फ वाढतो. १९६९ मध्ये हवामानशास्त्रज्ञ बुदिको यांनी साध्या समीकरणांतून दाखवलं की बर्फ एका ठरावीक अक्षांशाच्या आत शिरला की ही साखळी थांबत नाही, बर्फ विषुववृत्तापर्यंत धावतो. तेव्हा सर्वांना हे गणितातलं कुतूहल वाटलं. पुढे १९९२ मध्ये जोसेफ किर्शविंक आणि १९९८ मध्ये पॉल हॉफमन व सहकाऱ्यांनी खडकांतला पुरावा समोर ठेवला. स्टर्टियन हा पहिला टप्पा सुमारे ७१.७ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला आणि साडेपाच कोटी वर्षांहून जास्त टिकला. मॅरिनोअन हा दुसरा ६३.५ कोटी वर्षांपूर्वी संपला. सुटका पुन्हा ज्वालामुखींनीच केली. जमीन बर्फाखाली गेली, पाऊस जवळपास थांबला, झीज बंद पडली. देणं चालू, घेणं बंद. कार्बन डायऑक्साइड लाखो वर्षं साठत जाऊन इतका झाला की बर्फ कोसळला. मग कडक हरितगृहातल्या पावसाने खडक धुऊन काढले आणि थेट हिमानी गाळाच्या डोक्यावर कार्बोनेट खडकाचा थर बसला. नामिबियात हा सांधा उघड्या डोळ्यांनी दिसतो: खाली गोटेमिश्रित हिमानी गाळ, वर लगेच फिकट डोलोमाइट, मध्ये जवळपास काहीच नाही.

असा दावा करताना पुरावा तपासायची पद्धत कडक हवी. मातीत निरनिराळे गोटे मिसळलेला खडक दिसला की तो हिमनदीचा, असं समजणं धोक्याचं आहे. पाण्याखालच्या उतारावरून घसरलेला गाळही तसाच दिसतो, आणि अशा गाळांना हिमानी म्हटल्याची उदाहरणं या विषयाच्या इतिहासात भरपूर आहेत. म्हणून एकेक खूण शोधायची. गोट्यांना सपाट पैलू पडलेत का, आणि त्यांवर एकाच दिशेने जाणारे समांतर ओरखडे आहेत का? गोटे अनेक प्रकारच्या खडकांचे, दुरून आलेले आहेत का? खालच्या खडकाची फरशी घासून गुळगुळीत झालेली, ओरखडलेली आहे का? सर्वांत मोलाची खूण म्हणजे बारीक थरांच्या चिखलात एकटाच बसलेला गोटा, ज्याच्याखाली थर दबून वाकलेत आणि ज्याच्यावरचे थर त्याला वळसा घालून सपाट झालेत. असा गोटा वरून पडलेला असतो, आणि निवांत पाण्यात वरून दगड टाकणारी गोष्ट बहुधा तरंगता हिमखंडच. ओडिशातल्या तालचीरचे गोट्यांचे थर १८५६ मध्येच ब्लॅनफर्ड बंधूंनी हिमानी म्हणून ओळखले होते, आणि उष्ण कटिबंधात बर्फ कसा, हा प्रश्न तिथून पुढे भूखंड सरकतात या कल्पनेपर्यंत गेला.

तालचीरच्या बाबतीत उत्तर ‘भारत तेव्हा दक्षिण ध्रुवाजवळ होता’ असं निघालं. क्रायोजेनियनच्या बाबतीत तसं निघालं नाही, आणि ते कळलं चुंबकत्वामुळे. गाळ बसताना त्यातले लोहाचे कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने वळतात. विषुववृत्तावर हे क्षेत्र आडवं असतं, ध्रुवावर उभं. म्हणून कणांच्या कलावरून त्या वेळचा अक्षांश काढता येतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एलाटिना थरांनी विषुववृत्ताजवळचा अक्षांश दाखवला. इथे शंका रास्त होती: खडक पुढे कधी तापून पुन्हा चुंबकित झाला असेल तर? त्यासाठी घडीची कसोटी घेतात. खडकाला पडलेल्या घडीच्या दोन्ही बाजूंचे नमुने मोजायचे आणि गणिताने घडी उलगडायची. उलगडल्यावर दिशा जुळल्या तर चुंबकत्व घडीपूर्वीचं. एलाटिनामध्ये गाळ ओला असतानाच पडलेल्या घड्या आहेत, आणि त्यांवर कसोटी उतरली. म्हणजे चुंबकत्व गाळाइतकंच जुनं.

अलीकडच्या काळासाठी, म्हणजे गेल्या ६.६ कोटी वर्षांसाठी, सर्वांत सलग नोंद समुद्रतळाच्या गाळात आहे, आणि ती वाचायचं मुख्य साधन म्हणजे फोरॅमिनिफेरा या मिलिमीटरहून लहान एकपेशीय जीवांची कॅल्साइटची कवचं. ऑक्सिजनचे जड अणू, १८ भाराचे, साधारण पाचशेंत एक असतात. कवच थंड पाण्यात बनलं तर त्यात जड ऑक्सिजन जास्त येतो. दर हजारी एक एककामागे ढोबळमानाने चार अंशांचा फरक. पण गोम अशी की जड ऑक्सिजन आणखी एका कारणानेही वाढतो. बाष्पीभवनात हलका ऑक्सिजन आधी उडतो. तो हिमचादरीत अडकून पडला की मागे राहिलेला समुद्र जड होतो. एक मोजमाप, दोन अज्ञातं. शेवटच्या हिमानी काळापासून आजपर्यंत खोल समुद्रातल्या कवचांत सुमारे १.७ एककांचा फरक आहे. त्यातलं साधारण एक एकक बर्फाचं आणि उरलेलं तापमानाचं. हे वेगळं करायला मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचं गुणोत्तर मोजतात, कारण ते तापमानाबरोबर बदलतं आणि बर्फाचा त्याच्याशी थेट संबंध नसतो. संपूर्ण ऑक्सिजन-आलेखाचं सरळ अंशांमध्ये रूपांतर करून दाखवलेलं चित्र दिसलं, तर बर्फाचा वाटा कसा वजा केला हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रयोगशाळेतल्या कामात चुका कुठे होतात हेही सांगायला हवं. गाळ धुऊन चाळायचा, सूक्ष्मदर्शकाखाली एकाच जातीची कवचं ओल्या बारीक कुंचल्याने वेचायची, आणि तीही ठरावीक आकारपट्ट्यातली, उदाहरणार्थ २५० ते ३५५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). जाती मिसळल्या तर पृष्ठभागावर राहणारे आणि शंभर मीटर खाली राहणारे जीव एकत्र येतात आणि कोणत्याच पाण्याचं नसलेलं तापमान मिळतं. आकार मिसळला तर वयानुसार बदलणारी रासायनिक वागणूक मध्ये येते. मग मिथेनॉलमध्ये ध्वनिलहरींनी हलवून चिकटलेली माती काढायची, आणि कवच फॉस्फोरिक आम्लात विरघळवून निघालेला वायू वस्तुमान वर्णपटमापीत, म्हणजे भारानुसार अणू वेगळे मोजणाऱ्या यंत्रात, मोजायचा.

एवढं सगळं काटेकोर केलं तरी कवचच बदललेलं असेल तर आकडा खोटा येतो. बरीच वर्षं उष्ण कटिबंधातल्या इओसीन समुद्राचं तापमान १५ ते २३ अंश एवढंच मिळत होतं. ध्रुवांवर मगरी आणि विषुववृत्त आजच्याहून थंड, असं कोडं. कोणतंही हवामान प्रतिमान, म्हणजे संगणकावरचं गणिती मॉडेल, ते सोडवू शकत नव्हतं. २००१ मध्ये पॉल पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या चिकणमातीतली कवचं तपासली. खोल समुद्रातल्या खडूसदृश गाळातली कवचं सूक्ष्मदर्शकाखाली पांढुरकी, दुधाळ दिसतात. टांझानियातली काचेसारखी पारदर्शक होती. दुधाळ कवच फोडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की भिंतीत मायक्रॉनभर आकाराचे नवे स्फटिक दिसतात. समुद्रतळाच्या थंड पाण्यात कॅल्साइट विरघळून पुन्हा बसलेला असतो, आणि तो पृष्ठभागाचं नव्हे तर तळाचं तापमान सांगतो. काचेसारख्या कवचांनी २८ ते ३२ अंश दिले. कोडं पृथ्वीत नव्हतं, नमुन्यात होतं. चिकणमाती पाणी झिरपू देत नाही, म्हणून तिने कवचं जपली.

हिमगाभ्यांचं, म्हणजे हिमचादरीत खोल छिद्र पाडून काढलेल्या बर्फाच्या दंडगोलांचं, घड्याळ वेगळं आहे. अंटार्क्टिकातला डोम सी गाभा ८ लाख वर्षं मागे जातो, आणि त्यातल्या हवेच्या बुडबुड्यांत कार्बन डायऑक्साइड १८० ते ३०० पीपीएम या पट्ट्यातच वरखाली होताना दिसतो; पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांतले भाग. इथे एक सापळा आहे. बर्फ पडल्यावर तो दाबून घट्ट होईपर्यंत, ५० ते १०० मीटर खोलीपर्यंत, हवा वरच्या हवेत मिसळत राहते. म्हणून बुडबुडा भोवतालच्या बर्फापेक्षा तरुण असतो, आणि अंटार्क्टिकाच्या कोरड्या भागात हा फरक हजारो वर्षांचा होतो. ‘आधी तापमान वाढतं, कार्बन नंतर’ या मुद्द्यातला मोठा भाग या फरकाच्या जुन्या, ढोबळ अंदाजांतून आला. नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंवरून, घट्ट होण्याची खोली काढल्यावर अंटार्क्टिकाचं तापमान आणि कार्बन शेवटच्या हिमानी काळाच्या अखेरीस जवळपास एकत्रच चढताना दिसले. थोडं मागेपुढे असलं तरी त्यात विरोध नाही: पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या कक्षेतला बदल सुरुवात करतो, तापलेला दक्षिण महासागर कार्बन सोडतो, आणि तो कार्बन बाकीच्या जगाला तापवतो.

कक्षेची ही लय मिलुटिन मिलांकोविच यांनी गणिताने मांडली आणि हेज, इम्ब्री व शॅकल्टन यांनी १९७६ मध्ये समुद्री गाळात शोधून दाखवली. अक्षाचा कल ४१,००० वर्षांत साधारण २२.१ ते २४.५ अंशांमध्ये डोलतो, अक्षाचं भोवऱ्यासारखं घुमणं सुमारे १९,००० आणि २३,००० वर्षांच्या लयी देतं, कक्षेचा लंबवर्तुळपणा सुमारे १ लाख वर्षांत कमीजास्त होतो. महत्त्वाचा असतो उत्तरेकडचा उन्हाळा: मागच्या हिवाळ्याचा बर्फ उन्हाळ्यात वितळला नाही तरच हिमचादर वाढते. हीच लय इओसीनमध्येही चालू होती. तेव्हा बर्फच नसल्यामुळे तिचा परिणाम लहान राहिला. म्हणजे कक्षा हिमयुग आणत नाही. कार्बन पुरेसा खाली आलेला असेल तेव्हा ती त्याचं वेळापत्रक ठरवते.

३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी नेमकं हेच घडलं. ऑक्सिजनचा आलेख काही लाख वर्षांत एक एककाहून जास्त उडी घेतो. दक्षिण महासागराचे मार्ग उघडल्याने अंटार्क्टिका एकटी पडली आणि गोठली, असं पूर्वी शिकवलं जाई. डीकाँटो आणि पोलार्ड यांच्या २००३ च्या प्रतिमानात मात्र मुख्य काम कार्बनच्या घसरणीने केलं, सुमारे ७५० पीपीएमच्या आसपास, आणि सागरी मार्गांनी उंबरठा थोडासाच हलवला. मला हेच स्पष्टीकरण पटतं. त्याच गणितातून दिसणारी दुसरी गोष्ट आजच्यासाठी महत्त्वाची आहे: बर्फ जमायचा उंबरठा आणि वितळायचा उंबरठा एक नसतो. जमलेली हिमचादर उंच, थंड आणि पांढरी असते, स्वतःला जपते. ती घालवायला ती आणताना होता त्यापेक्षा जास्त कार्बन लागतो. म्हणूनच अंटार्क्टिकाचा सगळा बर्फ एका शतकात जाणार नाही. पण उलट बाजूही तेवढीच खरी: गेल्यावर तापमान मूळ जागी आणलं तरी तो लगेच परत येत नाही.

आता वेग. भूतकाळात आजच्या सर्वांत जवळची घटना म्हणून ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, पॅलिओसीन आणि इओसीनच्या सांध्यावरचा उष्णतेचा झटका सांगतात. हजारो अब्ज टन कार्बन काही हजार वर्षांत हवेत आणि समुद्रात आला, जग ५ ते ६ अंशांनी तापलं, समुद्राच्या पाण्याची आम्लता वाढून तळावरची चुनखडी विरघळली, खोल समुद्रातल्या तळवासी फोरॅमिनिफेरांच्या अनेक जाती संपल्या. समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या गाभ्यात हा सांधा डोळ्यांना दिसतो: फिकट चुनखडीचा गाळ एकदम लालसर मातीत बदलतो, कारण कवचं विरघळून गेली आणि माती तेवढी उरली. खडकांच्या यंत्रणेने सगळं सावरायला एक-दोन लाख वर्षं घेतली. या घटनेत कार्बन येण्याचा वेग बहुतेक अंदाजांप्रमाणे वर्षाला १ अब्ज टनाच्या आसपास किंवा त्याहून कमी होता. आजचा १० अब्ज टन.

आणि अंशांचा हिशेब. सुमारे १ लाख २५ हजार वर्षांपूर्वीच्या आंतरहिमानी काळात जग औद्योगिक क्रांतीपूर्वीपेक्षा अर्धा ते दीड अंशच उबदार होतं. समुद्र मात्र आजच्याहून ५ ते १० मीटर वर होता. ३० ते ३३ लाख वर्षांपूर्वी, प्लायोसीनमध्ये, कार्बन डायऑक्साइड ३६० ते ४२० पीपीएम होता, तापमान अडीच ते चार अंशांनी जास्त, आणि समुद्र ५ ते २५ मीटर वर. हवेतला कार्बन डायऑक्साइड १९५८ मध्ये सुमारे ३१५ पीपीएम होता, २०२४ मध्ये सुमारे ४२४. म्हणजे हवा प्लायोसीनची झाली आहे. समुद्र आणि हिमचादरी अजून व्हायच्या आहेत, कारण त्यांचं घड्याळ शतकांचं नाही, हजारो वर्षांचं आहे.

शेवटचा हिमानी काळ संपताना कार्बन डायऑक्साइड सुमारे ८० पीपीएमने वाढायला सात-आठ हजार वर्षं लागली. १९५८ पासून आजपर्यंत त्याहून जास्त वाढ झाली आहे. आपण सोडलेल्या कार्बनचा बहुतांश भाग समुद्र काही शतकांत शोषून घेईल, तरी पाचवा ते तिसरा हिस्सा हजारो वर्षं हवेतच राहील, आणि त्याचा शेवटचा अंश सिलिकेट खडकच बाजूला करतील, त्यांच्या नेहमीच्या वेगाने, काही लाख वर्षांत.